घरी मॉर्फिन चालू असताना: मेंदूच्या खोडात काय घडते आणि घरच्यांनी काय पाहावे

मॉर्फिन या अफूपासून मिळणाऱ्या जबर वेदनाशामकाची पहिली चिठ्ठी हातात पडते तेव्हा घरातल्या माणसांच्या मनात बहुधा दोनच प्रश्न असतात. याने श्वास तर थांबणार नाही ना, आणि याचे व्यसन तर लागणार नाही ना? मी अनेक वर्षे औषधशास्त्र शिकवले, आणि पुढे नारायण पेठेतल्या आमच्या घरी आत्याला, तिचा कर्करोग हाडांत पसरल्यावर, आधी मॉर्फिनच्या गोळ्या आणि नंतर फेन्टानिल या त्याच जातीच्या औषधाची कातडीला चिकटवायची पट्टी चालू होती. वर्गात फळ्यावर काढलेली चेतापेशीची आकृती आणि रात्री आत्याच्या उशाशी बसून मोजलेले श्वास यांचा संबंध किती जवळचा आहे, हे मला त्या चौदा महिन्यांत कळले. औषध मेंदूत नेमके कुठे आणि काय करते हे ज्याला ठाऊक असते, तो उगाच घाबरत नाही आणि घाबरायला हवे तेव्हा वेळ दवडत नाही. म्हणून पुढे आधी औषधाचे काम आणि मग घरच्यांचे काम अशा क्रमाने लिहिले आहे. मात्रा ठरवणे, वाढवणे, कमी करणे हे सर्वस्वी डॉक्टरांचे काम आहे; घरच्यांचे काम नीट पाहण्याचे आणि वेळेवर कळवण्याचे आहे.

आधी औषधाचे काम समजून घ्यावे

मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणारा, अंगठ्याहून थोडा जाड आणि जेमतेम बोटभर लांबीचा जो भाग आहे त्याला मेंदूचे खोड किंवा ब्रेनस्टेम म्हणतात. वरून खाली मध्यमेंदू, मग पॉन्स, मग लंबमज्जा असे त्याचे तीन भाग पडतात. एवढ्याशा जागेत श्वासाचा ताल, उलटी, खोकला, डोळ्यांच्या बाहुल्यांचे आकुंचन, जागेपण आणि वेदनेवरचे नियंत्रण या सगळ्यांची केंद्रे दाटीवाटीने बसलेली आहेत. मॉर्फिनचे बहुतेक इष्ट आणि अनिष्ट परिणाम एकत्रच का दिसतात, याचे उत्तर या दाटीत आहे.

एका चेतापेशीचा निरोप दुसरीपर्यंत पोहोचतो तो रसायनांच्या द्वारे. विद्युत संदेश पेशीच्या शेवटच्या टोकाशी येतो, तिथल्या पडद्यातली कॅल्शियमची दारे उघडतात, कॅल्शियम आत शिरते आणि त्यामुळे टोकात साठवलेल्या सूक्ष्म पिशव्या पडद्याला चिकटून आपल्यातले रसायन बाहेर सोडतात. हे चेतासंदेशक रसायन पुढच्या पेशीला एक तर चेतवते किंवा शांत करते. ग्लुटामेट हे चेतवणाऱ्यांपैकी मुख्य, तर गॅबा हे शांत करणाऱ्यांपैकी मुख्य. मॉर्फिन या टोकावरच्या ‘म्यू’ नावाच्या ग्राहीवर, म्हणजे रसायनाचा निरोप टिपणाऱ्या प्रथिनावर, बसते. ग्राहीला आतून जोडलेले जी-प्रथिन त्यामुळे मोकळे होते, त्याचा एक तुकडा कॅल्शियमच्या दारांना आवर घालतो, आत शिरणारे कॅल्शियम घटते आणि पिशव्या कमी फुटतात. याशिवाय पेशीच्या मुख्य भागावरची पोटॅशियमची दारे मॉर्फिनमुळे उघडतात, धन प्रभार असलेले पोटॅशियम बाहेर जाते आणि पेशी सहजासहजी पेटत नाही. थोडक्यात, मॉर्फिन जिथे जाते तिथे निरोप दबका करते. फरक पडतो तो कोणाचा निरोप दबका झाला यामुळे.

हे ग्राही आपल्या शरीरात अफूसाठी तयार झालेले नाहीत. १९७३ साली मेंदूत असे ग्राही असल्याचे दिसले आणि १९७५ साली ॲबर्डीन येथे ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतच बनणारे एन्केफॅलिन हे अफूसारखे काम करणारे रसायन शोधून काढले. म्हणजे वेदना आवरण्याची ही वाट शरीराची स्वतःचीच आहे आणि औषध त्या वाटेने आत येते. ‘विष पोटात घालतोय’ असे अपराधी चेहऱ्याने म्हणणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि सुनेला ही गोष्ट मी आवर्जून सांगतो.

आता इथे एक कोडे आहे, आणि विद्यार्थीही तिथेच अडखळत. मॉर्फिन जर सगळीकडे निरोप दबका करते, तर मग ते मेंदूची वेदनाशामक यंत्रणा चालू कशी करते? मध्यमेंदूत एका अरुंद वाहिनीभोवती करड्या पेशींचे कडे आहे. त्याला पेरिॲक्वेडक्टल ग्रे म्हणतात. १९६९ साली रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या या भागाला सौम्य विद्युत उत्तेजन देऊन, भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया करता येते हे दाखवले. या कड्यातून निघणाऱ्या पेशी लंबमज्जेतल्या रॅफे भागाला जागे करतात आणि तिथून निघालेले तंतू मज्जारज्जूत उतरून, शरीराकडून वर येणारा वेदनेचा निरोप तिथेच अडवतात. एरवी मात्र या पेशींवर गॅबा सोडणाऱ्या शेजाऱ्यांचा सतत दाब असतो. मॉर्फिन त्या शेजाऱ्यांच्या टोकांवर बसते, गॅबाचा स्राव कमी करते आणि दाब उठतो. खडकवासल्याचे दरवाजे उघडल्यावर मुठेला जे पाणी येते ते दरवाजा उघडणाऱ्याने आणलेले नसते. ते धरणात साठलेलेच असते. त्याचप्रमाणे वेदना आवरण्याची ताकद शरीरात असतेच, मॉर्फिन फक्त तिचा दरवाजा धरून ठेवणारा हात सैल करते. याखेरीज मज्जारज्जूतही ते वेदना वाहून आणणाऱ्या टोकांतून ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी यांचा स्राव थेट कमी करते, त्यामुळे दुहेरी आराम मिळतो.

याच कड्याबद्दलचे आणखी एक संशोधन घरच्यांच्या थेट उपयोगाचे आहे. १९९७ साली व्हॉन, क्रिस्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिडनीत केलेले हे काम ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. उंदरांच्या मेंदूच्या कापांवर त्यांना असे दिसले की, या भागात गॅबाचा स्राव आवरण्यासाठी मॉर्फिनसारखी औषधे ॲराकिडोनिक आम्ल आणि त्यापासून लिपॉक्सिजनेज या विकरामुळे बनणारे पदार्थ यांचा उपयोग करून घेतात. या आम्लाला दुसरीही एक वाट असते, ती सायक्लोऑक्सिजनेजची. आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांच्यासारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या नेमकी तीच वाट बंद करतात. ती बंद झाली की आम्ल मॉर्फिनच्या वाटेकडे वळते आणि मॉर्फिनचा जोर वाढतो. डॉक्टरांनी मॉर्फिनच्या जोडीला एखादी ‘साधी’ वेदनाशामक गोळी लिहिली असेल, तर ‘आता एवढे जबर औषध चालू आहे, हिची काय गरज’ असे म्हणून ती परस्पर बंद करू नये, ती याचसाठी. तितक्याच ठामपणे हेही सांगायला हवे की, ती आपल्या मनाने चालूही करू नये. या गोळ्यांचा भार मूत्रपिंडावर पडतो, आणि मॉर्फिनचे यकृतात रूपांतर होऊन तयार होणारा एक प्रभावी घटक मूत्रपिंडावाटेच बाहेर जातो. मूत्रपिंड मंदावले तर तो साठत जातो आणि कालपर्यंत अगदी बेताची असलेली मात्रा आज जास्त ठरते.

एक वही आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ

पहिल्या दिवसापासून शंभर पानी एक वही उशाशी ठेवावी. गोळी दिल्याची वेळ, त्या वेळी वेदना शून्य ते दहांत किती, तासाभराने किती, शौचास झाले का, लघवी किती वेळा झाली आणि दिवसातून दोनदा मोजलेले श्वास, एवढे पुरे आहे. तोंडाने घेतलेली साधी मॉर्फिनची गोळी साधारण अर्ध्या तासात लागू पडू लागते, तासाभरात तिचा जोर पूर्ण होतो आणि चार तासांच्या सुमारास ओसरतो. म्हणून ती ‘दुखेल तेव्हा’ देण्याऐवजी घड्याळाप्रमाणे चार-चार तासांनी लिहिली जाते आणि मध्येच उसळणाऱ्या वेदनेसाठी जादा गोळी वेगळी सांगितली जाते. ही जादा गोळी दिवसातून कितीदा लागली याची नोंद डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडते, कारण नेहमीची मात्रा वाढवायची की नाही हे तिच्यावरून ठरते. बारा तास टिकणारी गोळी असेल तर ती कधीही खलात कुटून मधात कालवू नये. बारा तासांचे औषध तसे केल्याने थोड्याच वेळात अंगात उतरते. गिळता येत नसेल तर डॉक्टरांना सांगावे, दुसरा मार्ग असतो.

पहिला आठवडा

लंबमज्जेच्या मागच्या अंगाला एरिया पोस्ट्रेमा नावाचा छोटा भाग आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधला पडदा तिथे विरळ असतो, कारण रक्तात काही विषारी आले आहे का हे चाखून पाहणे आणि उलटी घडवून आणणे हेच त्या भागाचे काम आहे. मॉर्फिन त्याला लगेच जाणवते आणि मळमळ सुरू होते. बहुतेकांमध्ये हा त्रास आठवड्याभरात निवतो, कारण त्या पेशींना औषधाची सवय होते. तोवर उलटी थांबवणारी गोळी दिली असेल तर ती सांगितल्या वेळी द्यावी, आणि पातळ भात, लिंबाचे सरबत, ताक असे थोडे थोडे देत राहावे. गुंगीचेही तसेच. कित्येक रात्री वेदनेने जागलेला माणूस पहिले दोन-तीन दिवस भरपूर झोपतो; हाक मारल्यावर तो नीट जागा होऊन बोलत असेल तर ती झोप झोपच आहे, तिला घाबरू नये.

बद्धकोष्ठाची सवय मात्र कधीच होत नाही. आतड्याच्या भिंतीत चेतापेशींचे स्वतंत्र जाळे आहे आणि तिथेही वर सांगितलेलेच सारे घडते. पेटन यांनी १९५७ साली गिनीपिगच्या आतड्यावर हे दाखवले की मॉर्फिनमुळे तिथला ॲसिटिलकोलीनचा स्राव घटतो, म्हणजे आतड्याला हलवणारा निरोपच मंदावतो. म्हणून पोट साफ करणारे औषध मॉर्फिनच्या पहिल्या गोळीबरोबरच सुरू व्हायला हवे. लिहिलेले नसेल तर विचारून घ्यावे. आपल्याकडे हात आधी इसबगोलाच्या डब्याकडे जातो, आणि इथे तोच नेमका चुकीचा. इसबगोल मळ फुगवते. पण ज्या आतड्याला पुढे ढकलण्याची ताकदच उरलेली नाही, त्यात फुगलेला गोळा अडकून बसतो, विशेषतः माणूस अंथरुणाला खिळलेला आणि पाणी कमी पिणारा असेल तेव्हा. आतड्याला चालना देणारी सोनामुखी किंवा बायसाकोडिल आणि जोडीला मळ मऊ करणारे औषध, असे डॉक्टर सहसा देतात. तीन दिवस शौचास झाले नाही तर चौथ्या दिवसाची वाट पाहू नये.

बाहुल्यांविषयी एक वाक्य पुरे. मध्यमेंदूतल्या केंद्रावरच्या परिणामामुळे त्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात आणि औषध चालू असेपर्यंत तशाच राहतात, त्यामुळे एरवी माणूस ठीक असेल तर केवळ बारीक बाहुल्या पाहून धावपळ करण्याचे कारण नाही.

श्वास

इथे थोडे थांबून लिहितो, कारण सगळी भीती इथेच एकवटलेली असते.

श्वासाचा ताल लंबमज्जेतल्या प्री-बॉट्झिंगर नावाच्या पेशींच्या एका छोट्याशा समूहात जन्मतो. त्याची ओळख १९९१ साली पटली. या पेशी एकमेकींना ग्लुटामेटच्या निरोपांनी चेतवत राहतात आणि त्यांच्या एकत्र उसळीतून प्रत्येक श्वास सुरू होतो. पॉन्समधला एक भाग या तालाला वरून वेग देत असतो. मॉर्फिन या दोन्ही ठिकाणी बसते: काही पेशी थेट शांत होतात, आणि त्यांच्यातला चेतवणारा निरोपही कमी सुटतो. रक्तात कर्ब वायू वाढला की श्वास वाढवण्याची जी प्रतिक्रिया असते, तीही बोथट होते. परिणामी श्वास संथ होतो, आणि मात्रा फारच जास्त झाली तर मध्ये लांब खंड पडू लागतात.

मग वेदनेच्या रुग्णांना इतके मॉर्फिन देऊनही ते सहसा सुरक्षित कसे राहतात? याची दोन कारणे आहेत. मात्रा थोडी थोडी वाढवत नेली तर श्वासाच्या केंद्राला तिची बऱ्याच प्रमाणात सवय होते. आणि वेदना स्वतः श्वासाला चेतवत असते, त्यामुळे ती असेपर्यंत मॉर्फिनच्या दाबाला तोल मिळत राहतो. या दुसऱ्या कारणाची उलट बाजू घरच्यांनी मनावर कोरून ठेवावी. हाडावर किरणोपचार झाले, किंवा भूलतज्ज्ञांनी चेतातंतूची नस बधिर करणारे इंजेक्शन दिले, आणि वेदना अचानक उतरली, तर चेतवणारी बाजू गेली आणि दाबणारी तेवढीच राहिली असे होते. अशा उपचारानंतर मात्रा कमी करायची का, हे डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

श्वास कसे मोजावे हेही सांगायला हवे, कारण ते बहुतेक जण चुकीचे मोजतात. मोजतो आहोत हे रुग्णाला सांगू नये. कळले की माणूस नकळत श्वास बदलतो. नाडी पाहत असल्यासारखे मनगट धरावे आणि नजर छातीवर किंवा अंगावरच्या चादरीच्या वर-खाली होण्यावर ठेवावी. पूर्ण एक मिनिट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे घातक आहे, कारण मॉर्फिनखाली श्वास अनियमित होतो आणि खंड नेमका त्या पंधरा सेकंदांबाहेर पडू शकतो. विश्रांतीत मोठ्या माणसाचे श्वास मिनिटाला बारा ते वीस असतात. रुग्ण सुखात असतानाचा त्याचा स्वतःचा आकडा आधीच वहीत लिहून ठेवावा.

मात्र आकड्याच्याही आधी इशारा देते ती गुंगी. श्वास धोक्याच्या पातळीला जाण्यापूर्वी बहुतेक वेळा जागेपण मंदावते, आणि म्हणून प्रत्येक गोळीआधी रुग्णाशी दोन वाक्ये बोलावीत. मी आत्याला रोज काही ना काही विचारायचो. “आत्या, आज आमटी कशाची केली होती वहिनीनं?” ती “चिंच जास्त झाली होती रे” म्हणाली की मी निर्धास्तपणे गोळी पुढे करायचो. उत्तर देता देता वाक्याच्या मध्येच डोळे मिटत असतील, पुन्हा पुन्हा हलवावे लागत असेल, तर पुढची गोळी थांबवून डॉक्टरांना फोन करावा. त्याबरोबर श्वास दहाच्या खाली असतील तर क्षणभरही वाट पाहू नये. श्वास आठ किंवा त्याहून कमी, ओठ निळसर, घशातून घरघर, आणि हलवूनही जाग नाही, अशी स्थिती असेल तर १०८ ला फोन करून ‘मॉर्फिन चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगावे, माणसाला एका कुशीवर वळवावे, तोंडात पाणी किंवा काहीही घालू नये आणि गोळ्यांची पाकिटे व वही सोबत न्यावी. रुग्णालयात नॅलोक्सोन हे इंजेक्शन देतात. ते त्याच ग्राहींवरून मॉर्फिनला हटवते. त्याचा असर साधारण अर्धा ते दीड तास टिकतो, मॉर्फिनचा त्याहून बराच अधिक, त्यामुळे इंजेक्शनने माणूस उठून बसला तरी लगेच घरी आणण्याचा आग्रह धरू नये.

झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलॅमसारखी चिंतेवरची औषधे, नसांच्या वेदनेवरचे प्रीगॅबालिन आणि दारू यांची नावे डॉक्टरांपासून लपवू नयेत, कितीही जुनी सवय असली तरी. वर म्हटल्याप्रमाणे मॉर्फिन मध्यमेंदूत गॅबाचा स्राव कमी करते, मग गॅबाचा असर वाढवणारी झोपेची गोळी त्याच्या विरुद्धच काम करेल, असा तर्क एका हुशार विद्यार्थ्याने माझ्यापुढे मांडला होता. तर्क सुबक आहे, पण श्वासाच्या केंद्रात मॉर्फिन पेशींना थेट शांत करते आणि झोपेची गोळी त्याच पेशींना गॅबाच्या मार्गाने शांत करते. तिथे दोन्ही दाब एकावर एक चढतात.

अगदी अखेरच्या दिवसांत श्वास आपोआपच बदलतो: मध्येच थांबतो, पुन्हा जोराने सुरू होतो. तो बहुधा आजाराचा शेवट असतो, औषधाचा दोष नसतो. ती वेळ आल्यावर रुग्णालयात न्यायचे की घरीच ठेवायचे, हे डॉक्टरांशी आणि शक्य असेल तर रुग्णाशी आधीच बोलून ठरवावे. शेवटची गोळी आपल्या हातून दिली गेली म्हणून आयुष्यभर स्वतःला दोष देणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांचा तो दोष नव्हता.

पट्टी असेल तर

फेन्टानिलची पट्टी साधारण तीन दिवस चालते. ती लावल्यावर पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास लागतात, म्हणून त्या दरम्यानची वेदना कशाने आवरायची ते विचारून घ्यावे. पट्टी केस नसलेल्या, कोरड्या, न दुखावलेल्या कातडीवर, दर वेळी जागा बदलून लावावी. जुनी काढल्याशिवाय नवी लावू नये. तारीख आणि वेळ पेनाने वहीत आणि पट्टीला लावलेल्या चिकटपट्टीवर लिहावी.

उष्णता हा पट्टीचा मोठा शत्रू आहे. आमच्या घरी घडलेली गोष्ट सांगतो. डिसेंबरातली थंड संध्याकाळ होती, आत्याचा खांदा ठणकत होता आणि वहिनीने मायेने शेकायची पिशवी भरून तिच्या दंडाशी ठेवली. पट्टी दंडावरच, ब्लाउजच्या बाहीखाली होती. उष्णतेने कातडीतले रक्ताभिसरण वाढले आणि औषध भराभर आत शिरू लागले. मी साडेसातला खोलीत गेलो तेव्हा आत्या घोरत होती. ती एरवी घोरत नसे. “आत्या, डोळे उघड बघू,” म्हटल्यावर पापण्या अर्ध्या उघडल्या आणि मिटल्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मिनिटभर मोजले, नऊ भरले. पिशवी दूर केली, डॉक्टरांना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून पट्टी काढून तिला रुग्णालयात नेले. पट्टी काढली तरी कातडीत साठलेले औषध पुढे कित्येक तास रक्तात उतरत राहते, त्यामुळे रात्रभर तिच्यावर लक्ष ठेवावे लागले. पहाटे तिने चहा मागितला. चूक वहिनीची नव्हती. पट्टीजवळ शेक देऊ नये हे तिला मी सांगितलेच नव्हते. शेकायची पिशवी, विजेचे गरम पांघरूण, खूप कढत पाण्याची अंघोळ, एप्रिल-मे महिन्यात गच्चीवरच्या उन्हात बसवणे, हे सगळे पट्टी असताना टाळावे. जोराचा ताप आला तरी हाच परिणाम होतो, म्हणून ताप चढला की डॉक्टरांना कळवावे.

उन्हाळ्यातली दुसरी काळजी गोळ्या घेणाऱ्यांसाठी आहे. जुलाब, उलट्या किंवा पाणी कमी पिणे यांमुळे लघवी घटली की मूत्रपिंडावाटे जाणारा घटक अंगात साठतो. हातापायांना मध्येच झटके येणे, भिंतीवर मुंग्या किंवा माणसे दिसणे, असंबद्ध बोलणे ही त्याची खूण असते. ‘वेड लागले’ किंवा ‘बाहेरचे काही झाले’ असे म्हणत बसण्यापेक्षा त्याच दिवशी कळवावे; मात्रा किंवा औषध बदलले की हे सहसा निवळते.

औषध एकदम बंद पडू देऊ नये

पॉन्समध्ये लोकस सेरुलियस नावाचा निळसर ठिपका आहे. मेंदूतले बहुतेक नॉरॲड्रेनॅलिन तिथून सुटते आणि माणसाला सावध ठेवते. मॉर्फिन रोज मिळत राहिले की या पेशी दबलेल्या अवस्थेत काम करायला शिकतात आणि आतली रासायनिक यंत्रणा वाढवून तोल सांभाळतात. औषध अचानक थांबले तर दाब जातो पण वाढवलेली यंत्रणा तशीच राहते, आणि निरोप पूर्वीपेक्षाही जास्त जोराने सुटू लागतात. घाम, सतत जांभया, नाक वाहणे, अंगावर काटा, पोटात कळा, जुलाब, छातीत धडधड आणि उफाळून आलेली वेदना हे त्याचे रूप. याला शारीरिक अवलंबन म्हणतात आणि काही आठवडे नियमित औषध घेणाऱ्या कोणालाही ते होऊ शकते. व्यसन ही वेगळी अवस्था आहे: त्यात नुकसान दिसत असूनही औषधाची ओढ आवरत नाही. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, घड्याळाप्रमाणे घेणाऱ्या रुग्णात ती क्वचित दिसते. पूर्वी दारूचे किंवा नशेचे व्यसन असेल तर मात्र आधीच सांगावे. मॉर्फिन बंद करायचे झाले तर ते टप्प्याटप्प्याने कमी करत नेले जाते.

म्हणूनच साठ्याकडे लक्ष ठेवावे लागते. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यामुळे मॉर्फिन मिळणे फार अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांमार्फत ते मिळण्याची वाट सोपी झाली. तरीही कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ते मिळत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानदाराने तर चिठ्ठी पाहून मला असे निरखले, की माझीच मान खाली गेली. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र आहे, तिथे कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य काळजी घेतली जाते आणि घरच्यांनाही शिकवले जाते. आपल्या डॉक्टरांना अशा सेवेबद्दल लवकर विचारावे. सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की पुढची सोय लावावी. पेठांत राहणाऱ्यांनी गणपतीचा विशेष विचार करावा: विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, केळकर रस्ता वाहनांना बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. गोळ्या, पोटाचे औषध, डॉक्टरांचा नंबर आणि रुग्णवाहिका गल्लीच्या कोणत्या तोंडाशी येऊ शकेल याची माहिती आदल्या दिवशीच घेऊन ठेवावी. दिवाळीत गावी जाताना गोळ्यांबरोबर चिठ्ठीची प्रत ठेवावी.

गोळ्या कुलपात असाव्यात आणि त्यांची मोजणी एकाच माणसाकडे असावी. कंबर दुखते म्हणून घरातल्या दुसऱ्या कोणालाही ‘अर्धीच’ देऊ नये. आत्याला निभावणारी मात्रा सवय नसलेल्या माणसाचा श्वास थांबवू शकते, आणि लहान मुलाच्या बाबतीत एखादी गोळीसुद्धा. वापरलेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक असते, म्हणून ती चिकट बाजू आत येईल अशी दुमडावी आणि मुलांच्या किंवा कुत्र्याच्या हाती लागेल अशा उघड्या कचऱ्यात टाकू नये. उरलेल्या गोळ्या ज्या संस्थेकडून आणल्या तिथेच परत द्याव्यात. आत्या गेल्यानंतर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडले, वहीतला हिशेब आणि पाकिटे जुळवली, उरलेल्या गोळ्या एका पाकिटात घालून वर आकडा लिहिला आणि जिथून आणल्या होत्या तिथे नेऊन दिल्या. तिथल्या नर्सताईंनी त्या पुन्हा मोजल्या आणि नोंदवहीत माझी सही घेतली.